शिसं

मरोळला, गाळा नंबर चौदा. खिडकी नाही.
दिवस इथे बल्बच्या मर्जीने उजाडतो.
काळ्या मखमलीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा,
कधीकाळी च्युइंगगमबरोबर फुकट मिळालेला;
फलंदाजाने पुल मारलाय, चेंडू चौकटीबाहेर.
मी त्याचा खेळ बघत नाही.
मी चार कोपरे बघते, कडा, पृष्ठभाग,
चित्र मधोमध बसलंय का.
डावीकडे पंचावन्न, उजवीकडे पंचेचाळीस, चालेल.
मालक कोण ते मला कळू नये म्हणून
पाकिटावर नुसता आकडा असतो.

तरी ओळखलं.
कानाच्या पाळीखाली निळा ठिपका,
छापताना उडालेली शाई,
जणू कुणी तीट लावून पाठवलंय.
जानेवारीत हीच तीट मी पाहिली होती
आणि लिहिलं होतं : आठ.
कुणीतरी डबी फोडून, आठाचं लेबल फेकून
त्याला पुन्हा रांगेत उभं केलंय.
मी भिंग लावते. घड्याळ बघत नाही.
कोपरे धारदार. पृष्ठभाग शांत.
खरं सांगायचं तर
नऊ.

मग जानेवारीत काय दिसलं होतं मला?
बल्ब पिवळट होता?
त्या दिवसाचं एकशे बारावं कार्ड होतं?
की आदल्या पाकिटात दहा देऊन झाले होते
म्हणून हात आखडला?

बाबा वजनमापे निरीक्षक होते, लालबागला.
तिथल्या कुठल्याच दुकानातली साखर आमच्या घरी शिजली नाही;
आई माहीमहून आणायची, दोन बस बदलून,
कारण तिथल्या काट्यावर बाबांचा शिक्का नसायचा.
दिवाळीचे पेढे दारातूनच परत.
म्हणायचे, दांडी मारणारा परवडला, तो पकडता येतो.
झिजलेलं वजन कुणाला फसवायला झिजत नाही.
रोज वापरात असतं, एवढाच त्याचा गुन्हा.
मग त्याच्या पोटातल्या भोकात शिसं ठोकायचं,
पुन्हा तोलायचं,
वर्षाचा ठसा मारायचा.

नियम मोडून कपाटातून जानेवारीचा अर्ज काढला.
सुलभा आठल्ये, चेंबूर. शाईचं पेन.
शेऱ्याच्या रकान्यात : मुलाचं आहे. योग्य ते ठरवा.
मी ठरवलं.
त्यांनी विकलं, आठाच्या भावाने.
आठ आणि नऊ यांच्यात एका स्कूटरचं अंतर असतं.
ती आता दुसरं कुणी चालवणार.

फरेदूनशेठ म्हणाले, "डिकरी, मागचा आकडा लेबलवर छापला ना,
तर उद्या शटरला कुलूप तूच लाव."
त्यांच्या जागी त्यांचं बरोबर असेल.
मी नऊ लिहिलं,
कारण समोर नऊ होतं,
आणि आधीची चूक झाकायला आठ लिहिणं
ही मात्र दांडी झाली असती.

एवढंच मागून घेतलं :
दर शनिवारी माझ्या ढिगात
मीच तपासलेली पाच जुनी कार्डं न सांगता सरकवा,
आणि निकाल चहाच्या टेबलाशी लावा,
ऑफिसबॉयलाही वाचता येईल असा.

पहिला शनिवार : पाचात तीन.
दुसरा : पाचात चार.
तिसऱ्याला पुन्हा तीन. कुणी काही बोललं नाही,
फक्त चहात साखर जास्त पडली होती.

चेंबूरचा पत्ता पर्समध्ये आहे.
अजून गेले नाही.
काय सांगायचं दारात उभं राहून?
की बाई, मी मोजलं त्याहून
तुमच्या मुलाने ते जास्त जपलं होतं?